दादानं निवडलेला रंग

सिंगापूरहून परत येऊन दोन महिने झाले, तरी गावात अजून कोणी ना कोणी अडवून विचारतंच, "काय दादा, काय काय पाहिलंत?" उंच इमारती, रोषणाई, तोंडातून पाणी सोडणारा तो सिंह, यातलं मी काहीही पाहिलेलं नाही. दहा दिवसांत मी पाहिल्या त्या शिशाच्या गोळ्या, त्यांना लावलेल्या रबराच्या शेपट्या आणि माझ्या धाकट्या भावाचे डोळे. असं सांगितलं की लोकांना वाटतं, म्हातारा थट्टा करतोय. म्हणून एकदाचं लिहूनच काढतो. एकानंच हे वाचू नये असं मला वाटतं, आणि तो आता काहीच वाचू शकत नाही.

ईस्ट कोस्ट

सुधीर, म्हणजे आमचा बाळ्या, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. सव्वीस वर्षं सिंगापुरात, बँकेत चांगल्या हुद्द्यावर, आता तिथलाच नागरिक. काचबिंदू उशिरा लक्षात आला. उजवा डोळा पूर्ण गेला, आणि डाव्यात नळीतून पाहावं एवढं उरलं होतं, तेही आटत चाललेलं. मीनलचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला होता. "दादा, त्यांना दिसतंय तोवर एकदा या." सहासष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा पासपोर्ट काढला.

विमानतळावर तो समोरच उभा होता. मी हात हलवला, तर तो माझ्या खांद्याच्या शेजारी कुठेतरी बघून हसला. मी "बाळ्या" म्हटल्यावर त्याची मान वळली. त्याची मुलगी रिया, नोकरीला लागलेली, तिनं माझी बॅग घेतली आणि तिथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, "मोठे काका, बाबा इज ओके लाह, डोन्ट क्राय." मी रडत नव्हतो. पण तिनं सांगितल्यावर रडू आलं.

त्यांचं घर ईस्ट कोस्टला, एका कॉन्डोच्या बाराव्या मजल्यावर. गॅलरीतून समुद्र दिसतो आणि समुद्रावर जहाजं, एकामागे एक, बंदरात शिरायची वाट पाहत थांबलेली. बाळ्यानं मला कठड्याशी नेलं आणि म्हणाला, "बघ दादा. तुझी जहाजं."

हे 'तुझी जहाजं' काय प्रकरण आहे ते आधीच सांगून टाकतो. बारावीनंतर मला बोटीवर नोकरी मिळत होती. सगळं ठरलं होतं, फक्त मुंबईला जाऊन वैद्यकीय तपासणी व्हायची होती. त्याच सुमारास आमच्या वडिलांना, आबांना, अर्धांगवायू झाला. मी मुंबईला गेलो, दोन दिवसांनी परत आलो आणि घरात सांगितलं, "मी बोटीवर जात नाही. आबांना सोडून मला जायचं नाही. बाळ्याला शिकू दे." गावात माझं नाव झालं. अलिबागच्या एका ग्रंथालयात मी कारकून म्हणून चिकटलो आणि तिथूनच निवृत्त झालो. बाळ्या शिकला, मोठा झाला, इथे आला. ही गोष्ट त्यानं मित्रांना सांगितली, लग्नात सांगितली, मुलीला तर झोपवताना सांगितली असेल.

खरं एवढंच आहे की मी तपासणीत नापास झालो होतो. ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरलं आणि डॉक्टर म्हणाले, आकडा वाच. मला एकाही पानावर आकडा दिसला नाही. लाल, हिरवं, नारिंगी, गुलाबी हे मला लोकांना दिसतं तसं दिसत नाही, कधीच दिसलेलं नाही. आंबा पिकलाय हे मी वासानं ओळखतो. हे फक्त माझ्या बायकोला, नलिनीला माहीत होतं. शर्टावर कुठली पँट घालायची ते तीच सांगायची. ती जाऊन चार वर्षं झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ अठ्ठेचाळीस वर्षं झाकलेली होती.

संध्याकाळी बाळ्यानं कपाटातून एक चपटी प्लॅस्टिकची पेटी आणली. आत बारीक बारीक कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एक जिग. जिग म्हणजे शिशाच्या गोळीत ओतून बसवलेला गळ. त्यावर रबराची शेपटी चढवायची, पाण्यात टाकायचा आणि हलक्या झटक्यांनी नाचवत आणायचा. माशाला तो जिवंत वाटतो. आमच्याकडे खाडीत जिवंत कोळंबी लावतात आणि काम भागतं. इथल्या लोकांनी त्याचं शास्त्र केलंय, आणि त्या शास्त्रात अर्ध्याहून जास्त रंगच आहे. पाणी नितळ असलं तर पांढरा किंवा राखाडी. पाऊस पडून पाणी गढुळलं तर पोपटी. ढगाळलं तर नारिंगी. आणि ओहोटीच्या शेवटी, पाणी ताकासारखं झालं की गुलाबी.

"दादा, इथे मी सगळे मासे धरले," तो म्हणाला. "एक जिताडा तेवढा मिळाला नाही. दोनदा लागला, दोनदा तुटला. मला एकदा त्याचे डोळे बघायचेत. आबांच्या बॅटरीत दिसायचे तसे. निखाऱ्यासारखे लाल."

पहाटे आबांबरोबर आम्ही दोघं खाडीवर जायचो ते मलाही आठवतं. डोळे चमकायचे, खरं आहे. लाल होते की काय, ते मला ठाऊक नाही.

"मला आता सगळे रंग धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखे दिसतात," तो पुढे म्हणाला. "गाठ मी हाताच्या अंदाजानं मारीन. टाकीनही. पण रंग तू निवड. तुझी नजर पहिल्यापासून घारीची."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मीनल चहा घेऊन आली होती, रिया मोबाइलमधून मान वर करून माझ्याकडे बघत होती, आणि मी म्हणालो, "हो, निवडतो की."

पाया लेबार

काही शेपट्या जुन्या होऊन चिकट झाल्या होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, पाया लेबारला गेलो. ऑफिसं आणि मॉल यांच्या गर्दीतून मागे गेलं की एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर गळांचं दुकान आहे. भिंतभर पाकिटं लटकलेली. दुकानदार चिनी अंकल, गंजिफ्रॉकवर. बाळ्याला ओळखत होता. बाळ्याच्या डोळ्यांकडे त्यानं एकदा पाहिलं आणि पुढे सगळं माझ्याशीच बोलला. "व्हॉट कलर?"

तिथे देव पावला. प्रत्येक पाकिटावर रंगाचं नाव इंग्रजीत छापलेलं होतं. मी चष्मा पुढे सरकवला आणि शांतपणे वाचत वाचत गुलाबी, पोपटी, नारिंगी, राखाडी, पांढरा अशी पाकिटं काढली. अंकलनं मान हलवली. "गुड टेस्ट," म्हणाला. मला इतका हुरूप आला की मी बाळ्याला रंगांवर पाच मिनिटं व्याख्यान दिलं.

जेवायला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, बसलो. तिथली एक पद्धत मला फार आवडली. रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवायचं, की जागा आपली. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसंच, फक्त इथे भांडण होत नाही. बाळ्यानं मला तिखट रश्श्यातल्या शेवया घ्यायला लावल्या आणि स्वतः चमच्यानं वाटीचा काठ शोधत जेवला. मध्येच म्हणाला, "दादा, तू आलास ना, आता लागणार. मला खात्री आहे." मी शेवयांवर फुंकर घालत बसलो.

घरी आल्यावर जरा पडलो. उठून पाहतो तर मीनल जेवणाच्या टेबलाशी पेटी घेऊन बसलेली. "दादा, सगळं लावून दिलं बरं का," ती म्हणाली. "यांना कप्प्यातच लागतं सगळं. पाकिटं फेकली. कचरा खाली गेलासुद्धा." तिथे प्रत्येक मजल्यावर कचरा टाकायचं झाकण असतं. टाकलं की गेलं बारा मजले खाली.

पेटी उघडून मी दिव्याखाली धरली. काही शेपट्या फिक्या, काही गडद, एवढाच फरक. पोपटी आणि नारिंगी माझ्यासाठी सख्खे भाऊ. गुलाबी आणि राखाडी तर जुळे. मीनलला विचारावं म्हणून तोंड उघडलं, पण विचारणार काय? काल घारीची नजर असलेला माणूस आज विचारतो, यातला गुलाबी कुठला?

जेटी

ईस्ट कोस्टला समुद्रात लांब आत गेलेली एक जेटी आहे. सायकलवाली मुलं, चालायला आलेले पेन्शनर आणि कठड्याला टेकवलेले गळ. आम्ही तीन दिवस तिथे गेलो. दुपारी पाऊस पडून गेला की बाळ्या म्हणायचा, "गढूळ असेल. पोपटी दे." मी देवाचं नाव घेऊन एक द्यायचो. तो गाठ मारायचा, ओठांत धरून ओली करायचा, आणि इतक्या सफाईनं टाकायचा की शेजारचे वळून बघायचे.

तीन दिवसांत एक छोटी तांबोशी आणि दोन मांजरमासे लागले. मांजरमासे सोडून दिले. शेजारच्यांना जिताडा लागत होता असं नाही, त्यामुळे दोष माझा होता की नशिबाचा, ते सांगता येणार नाही. मी तो नशिबावर टाकला. पण घरी जाताना बाळ्या माझ्या दंडाला धरून चालायचा, आणि त्याची बोटं रोज जरा जास्त घट्ट व्हायची. पहिल्या दिवशी त्याला पायरी दिसत होती. तिसऱ्या दिवशी मी "पायरी" म्हणायला विसरलो आणि तो गुडघ्यावर पडला. उठून कपडे झटकत म्हणाला, "एक दिवस उबीनला जाऊ. होडी करू. मग बास."

पुलाउ उबीन

चांगीहून लाकडी बंबोट सुटतात. बारा माणसं भरली की निघायचं, आपल्या मांडव्याच्या जुन्या होड्यांसारखं. उबीन बेटावर अजून पत्र्याची, लाकडी खांबांवरची घरं आहेत, कोंबड्या आहेत, भाड्याच्या सायकली आहेत. सगळ्या सिंगापुरात मला घरासारखं वाटलं ते एवढ्याच जागी. पण आम्हाला बेट बघायचं नव्हतं. तिथून हसन नावाचा साठीचा मलय माणूस आपल्या छोट्या होडीतून आम्हाला खारफुटीच्या कडेला घेऊन गेला.

आदल्या दिवशी मुसळधार पडून गेला होता. ओहोटी लागली होती. पाणी ताकासारखं पांढुरकं. बाळ्या होडीच्या पुढच्या टोकाला, मी त्याच्या मागे पेटी मांडीवर घेऊन, हसन मागे इंजिनाशी. आसपास आणखी तीन होड्या. तासाभरात दोघांनी जिताडा वर काढला. मी पाहिला. चांदीचा पत्रा वाकवल्यासारखा उडी मारून आपटला.

"सियाकाप!" हसन मागून ओरडला. जिताड्याला ते सियाकाप म्हणतात. "टुडे पिंक! ऑल पिंक!"

बाळ्यानं मागे हात केला. तळवा उघडा. "दादा, गुलाबी."

पेटीत पांढरा सोडून फिके दोन होते. मी त्यातला एक उचलून त्याच्या हातावर ठेवला.

दोन तास गेले. बाजूच्या होडीत तिसरा लागला. आमच्याकडे साधा ठोकाही नाही. बाळ्या टाकत होता, नाचवत आणत होता, परत टाकत होता. मनगट दुखायला लागलं तेव्हा हात बदलून टाकायला लागला. शेवटी हसनला राहवलं नाही. तो वाकून पुढे आला, त्यानं तंगूस, म्हणजे गळाची दोरी, हातात धरून जिग वर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"व्हाय ग्रे?" तो म्हणाला. "आय से पिंक. दिस वन ग्रे लाह, अंकल."

बाळ्याचं तोंड माझ्याकडे वळलं. त्याचा चांगला डोळा मला शोधत होता. "राखाडी दिलास, दादा?"

आता सांग. आता नाही तर कधी नाही, असं मी स्वतःला म्हणालो ते मला स्वच्छ आठवतं. आणि तोंडातून निघालं ते हे: "हो. मुद्दाम दिला. सगळे गुलाबी टाकतायत म्हणून वेगळा."

तो काहीतरी बोलला असता, चिडला असता, तरी मी वाचलो असतो. पण त्याचा चेहरा खुलला. तो हसनकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "माझा थोरला भाऊ आहे. मी जन्मलो त्याआधीपासून हा मासे धरतोय. त्यानं विचार करूनच दिला असणार." आणि तोच राखाडी त्यानं परत पाण्यात टाकला.

हसन खांदे उडवून मागे गेला. ओहोटी संपायला अजून पाऊण तास होता. मी म्हणालो, "बाळ्या, बदलूया का?"

"नको. तू दिलास ना? हाच."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणालो, "अरे, चुकतं माणसाचं कधी."

"तुझं नाही चुकत," तो म्हणाला, मान न वळवता.

आमच्या घरात थोरल्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, अशी शिकवण. आबांनीच दिलेली. लहानपणी मी म्हणायचो, "बाळ्या, विहिरीत उतर," तर हा विचार न करता दोर धरायचा. साठीला येऊन, डोळे जाताना, तो तेच करत होता. आणि मी पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. दुसरा जो फिका होता, म्हणजे तो गुलाबीच असणार, तो माझ्या अंगठ्याखाली होता. हातावर ठेवायला एक क्षण पुरला असता. मग त्यानं विचारलं असतं, का? खरं उत्तर देता येत नव्हतं.

पाणी थांबलं. हसननं इंजिन सुरू केलं. बाळ्यानं तंगूस गुंडाळला, जिग चाचपून सोडवला आणि माझ्या हातात दिला. "मजा आली," म्हणाला.

धक्क्याजवळच्या खानावळीत त्यानं हट्टानं वाफवलेला जिताडा मागवला, आख्खा, आलं-कांदापात घातलेला. ताटली आल्यावर वाकून त्यावर चेहरा नेला, मग बोटांनी खवल्यांच्या जागेवरून, कल्ल्यावरून, डोळ्यापर्यंत गेला. शिजल्यावर माशाचा डोळा पांढरी गोटी होतो. त्यावर त्याचं बोट थांबलं. "आला बघ शेवटी," तो हसून म्हणाला. आणि आमच्या घरची रीत म्हणून त्यानं जिताड्याचं डोकं चाचपून तोडलं आणि माझ्या ताटात वाढलं. डोकं थोरल्याचं. ते तसंच ठेवून मी बाहेर जाऊन कोंबड्यांसमोर उभा राहिलो.

परत

शेवटच्या संध्याकाळी गॅलरीत आम्ही दोघंच होतो. बाळ्याला जहाजं आता दिसत नव्हती. "किती आहेत?" त्यानं विचारलं. मी मोजून सांगितली, चौदा. मोजता मला येतात.

"बाळ्या," मी म्हणालो, "त्या बोटीच्या नोकरीचं खरं म्हणजे..."

"नको दादा." त्यानं माझा हात दाबला. "तो विषय काढलास की मला रडू येतं. डॉक्टरांनी डोळ्यांवर ताण नको म्हणून सांगितलंय. मला एवढंच कळतं की तू होतास म्हणून मी हे सगळं बघितलं. बघून झालं माझं."

त्याच्यासाठी गप्प बसलो, असं तेव्हा वाटलं. परतीच्या विमानात कळलं की तेही खोटंच होतं. निघताना त्यानं पेटी माझ्या बॅगेत घातली. "मला काय उपयोग? खाडीवर ने. पाणी ताकासारखं झालं की गुलाबी लाव. या वेळी तरी सगळ्यांचं ऐक."

गेल्या रविवारी मीनलचा फोन आला. डावाही गेला. मग तिनं फोन त्याच्याकडे दिला. आवाज बरा होता, उलट मोठा झाला होता.

"खाडीवर गेलास का?"

"गेलो." हे खरं होतं. पेटी घेऊन गेलो होतो. दोन फिके जिग तळहातावर घेऊन बसलो आणि भरती आली तसा उठून घरी आलो.

"गुलाबी लावलास?"

"लावला."

"लागला?"

"लागला," मी म्हणालो. "चांगला हातभर होता."

"मग सांग ना दादा," तो म्हणाला, "डोळे कसे होते त्याचे? सावकाश सांग. मला बघू दे."

मी डोळे मिटले आणि ज्याला आयुष्यात कधी लाल दिसलं नाही असा मी त्याला सांगायला लागलो, लाल होते रे, अगदी आबांच्या बॅटरीतल्यासारखे, निखाऱ्यासारखे लाल.